शिळा उजेड

निघोज

एसटीच्या पाटीवर नवंकोरं 'अहिल्यानगर' होतं आणि कंडक्टर खाली उभा राहून 'नगर, नगर' ओरडत होता. दोन्ही खरंच असल्यामुळे मी चढले. माझ्याबरोबर एक जाडजूड पांढरा पीव्हीसी पाईप होता, माझ्या खांद्याला लागेल एवढा. कंडक्टरनं आधी मला पाहिलं, मग पाईपला, आणि निकाल दिला: बाईंना अर्धं तिकीट, पाईपला पूर्ण. चिपळूणला मी जन्मभर पोरांना शास्त्र शिकवलं आहे, वाद घालायची मला खोड आहे, पण पाईप उतरवून ठेवतो म्हणाला तेव्हा गप्प बसले.

शेजारच्या सीटवर टोपीवाले एक गृहस्थ होते. त्यांनी पाईपवर टिचकी मारून विचारलं, बोअरचं केसिंग हाय का? म्हटलं, दुर्बीण आहे. त्यांनी जरा विचार केला आणि पुढचा प्रश्न टाकला, मग हिच्यातून पाणी किती फुटांवर दिसतं? मी म्हटलं, हिनं खाली नाही, वर बघायचं असतं. "वर न्हाई पानी," असं म्हणून ते खिडकीकडे वळले आणि शिरूर येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दुर्बीण मी स्वतः केलेली आहे. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, मी काचा घासायला बसले. एका रिकाम्या पिंपावर एक जाड काच ठेवायची, तिच्यावर दुसरी, मध्ये वाळूसारखी पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती फिरत फिरत वरची काच घासत राहायची. महिनोन् महिने. घासता घासता वरची काच मध्यभागी खोल होत जाते आणि तिचा आरसा होतो. आमच्या शेजारणीनं तर मी पिंपाला प्रदक्षिणा घालते म्हणून कुणालातरी विचारलंही होतं की बाईंना बरं आहे ना.

म्हणून शिरूरला उतरून निघोजला गेल्याशिवाय मला पुढे जाववेना. कुकडीच्या पात्रातला काळा कातळ पाण्यानं असा पोखरला आहे की जागोजागी रांजण पुरल्यासारखे खड्डे झालेत. रांजणखळगेच म्हणतात त्यांना. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरतात आणि आपल्याखालचा दगड घासत जातात. माझ्या पिंपावर चालायचं तेच. फक्त मी संध्याकाळी दमून चहा प्यायचे, नदीला तशी सवड नाही. एका रांजणात वाकून पाहताना मनात आलं की हा खोल व्हायला लागला तेव्हा माणूस होता का, 'रांजण' हा शब्द तर नव्हताच. त्या विचारात पाय घसरला, मी वाचले, उजव्या पायातली चप्पल मात्र त्या हिरव्या पाण्यात पडली, एक गिरकी घेतली आणि बुडाली. पेरू विकणारी बाई खो खो हसली. म्हणाली, देवीच्या लग्नाला पाणी भरायला केलेत हे रांजण, आता तुमच्या चपलेचाबी आहेर झाला.

तिनंच जेवायला घरी नेलं. हुलग्याचे शेंगोळे होते, झणझणीत, वर कच्चं तेल आणि कांदा. हुलगे म्हणजे आमचे कुळीथच. आम्ही त्यांची पिठी करून भातावर ओततो आणि पुरुषमंडळी नाकं मुरडतात. इथे त्याच पिठाच्या वळ्या करून आमटीत शिजवतात आणि पाहुण्याला वाढतात. मी दोनदा मागून घेतले आणि अनवाणीच नगरची गाडी पकडली.

शिंगणापूर

आता मी हे सगळं लटांबर घेऊन कुठे निघाले होते ते सांगते. कुसुम माझी पुण्याच्या हॉस्टेलातली मैत्रीण. लग्न करून शिंगणापूरच्या शिवारात आली आणि इथलीच झाली. तिची मुलगी रोहिणी पदार्थविज्ञान शिकली. बंगळूरच्या एका संस्थेत तिला संशोधनासाठी जागा मिळाली आहे, जानेवारीत हजर व्हायचं आहे. पण रोहिणीची रास मेष, आणि मेषेला साडेसाती लागलेली. घरात शब्द चालतो तो रोहिणीच्या आत्याचा, आणि आत्याबाईंचं म्हणणं असं की साडेसातीत पोरीनं मुलूख सोडायचा नाही. म्हणजे साडेसात वर्षं!

मी फोनवर कुसुमला म्हटलं, पोरगी सज्ञान आहे, जाऊ दे की तिला. तर कुसुम म्हणाली, आम्ही दोघं शेतावर असायचो, रोहिणीला वाढवलंय वन्संनी. पोरगी म्हणते, मी येते म्हटल्यावर आत्या 'ये' म्हणेल तेव्हाच उंबरा ओलांडीन. मग म्हणाली, "शैले, तुझी दुर्बीण घेऊन ये. वन्संना एकदा तो शनी दाखव."

मी लगेच तयार. गाडीत बसल्या बसल्या भाषणही तयार केलं होतं. शनी म्हणजे वायूचा गोळा, त्याची कडी म्हणजे बर्फाचे तुकडे, आणि बर्फाला बंगळूरची काय पडलीय, वगैरे. चांगलं झालं होतं भाषण.

घोडेगावपासून शिंगणापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी रसवंत्या. लाकडी चरकाला बैल जुंपलेला, तो गोल फिरतोय आणि उसाचा रस गळतोय. पिंप, गोटे आणि आता हा बैल. या सहलीत जो तो फिरतच होता. कुसुमचा नवरा भाऊसाहेब मला घ्यायला आला होता. अबोल माणूस. माझ्या पायांकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि वाटेत एका दुकानासमोर गाडी थांबवून मला चपला घेऊन दिल्या.

आत्याबाईंचं दुकान देवळाच्या रस्त्याला आहे. रुईच्या पानांच्या माळा, तेल, काळं कापड, काळे उडीद, घोड्याची नाल. सत्तरी उलटलेली, हाडापेरानं काटक बाई, कपाळ मोकळं. माझ्या चपलेची हकिकत ऐकून त्या खूश झाल्या. "गेली ना? बेस झालं. पायातलं गेलं म्हंजी पीडा गेली," म्हणाल्या. लोक इथे मुद्दाम चपला सोडून जातात म्हणे, साडेसाती मागे राहावी म्हणून. माझी साडेसाती निघोजलाच बुडाली होती.

आधी देवाकडे जाऊन या, असं त्या म्हणाल्या. उघड्या चौथऱ्यावर माणसाच्या उंचीची काळी शिळा, तेलानं चमकणारी. डोक्यावर छप्पर नाही. ना नाक, ना डोळे. आणि सगळी भीती काय ती नजरेची! लोक समोर उभे न राहता थोडे बाजूला सरून, आडून हात जोडत होते, आणि निघाले की मागे वळून पाहत नव्हते. मी सवयीनं चांगली समोर उभी राहिले तर एका आजोबांनी दंडाला धरून मला बाजूला केलं, रागानं नाही, रस्ता ओलांडताना करतात तसं. कोणता दगड असेल हा, कुठून आला असेल, या विचारानं मला नुसतं सुचेना झालं होतं. पण देवाला टिचकी मारून बघता येत नाही.

रात्री कुसुमच्या घरी झोपले. खोल्यांना चौकटी आहेत, दारं नाहीत. या गावची रीतच ती. आमच्याकडे कडी, कोयंडा आणि वर माजघरालाही कुलूप, त्यामुळे मला काही केल्या डोळा लागेना. शेवटी पडद्याला टेकवून माझी बॅग ठेवली तेव्हा कुसुम तोंडावर पदर धरून हसली. पहाटे शेळी बॅग ढकलून आत आली आणि कुसुमसाठी आणलेली अख्खी आंबापोळी खाऊन गेली. कुसुम म्हणाली, इथे चोरी होत नाही म्हणतात ते माणसांबद्दल.

सकाळी रोहिणी भेटली ती निवांत. सावळी, चष्मेवाली, हळू बोलणारी. मी तिला सरळ विचारलं, नेमकं काय शोधणार तू? ती म्हणाली, विश्वातला सगळ्यात जुना उजेड. मग भाकरी थापता थापता तिनं मला जे सांगितलं ते ऐकून मी परातीपाशीच बसून राहिले. मी नववीच्या पोरांना प्रकाशाचा वेग पाठ करायला लावला, पण प्रकाशाला असं निरोप्यासारखं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. म्हणाली, "मावशी, आत्यानं नको म्हटलं तर मी नाही जायची. पण मग आयुष्यभर तिच्यावर चिडून राहीन, आणि तेही मला नकोय."

गच्चीवर

दिवेलागण झाली आणि आम्ही दुर्बीण गच्चीवर मांडली. देवळाच्या बाजूनं दिव्यांचा झगझगाट होता, भाऊसाहेबानं दोन काठ्या रोवून ताडपत्री बांधली. शनी दक्षिणेला छान वर आला होता. मी डोळा लावला तर दिसला तो स्वल्पविराम! रस्त्यातल्या खड्ड्यांत आरसा हलला होता. कर्म माझं. भाऊसाहेबाचा पाना घेऊन मागचे स्क्रू पिळत बसले तेव्हा कुठे तो गोल झाला. कडी यंदा अगदी बारीक दिसतात, कडेनं पाहिलेल्या बांगडीसारखी. आपण ज्या बाजूनं बघतो ती बाजू बदलत असते, म्हणून. मला धाकधूक की एवढ्या लांबून आणलेला शनी कुणाला पसंत पडतो की नाही.

कुसुमनं पाहिलं, भाऊसाहेबानं पाहिलं. तो एकच वाक्य बोलला, "खराच हाय की." आत्याबाई दुकान बंद करून वर आल्या आणि दक्षिणेकडे पाठ करून कठड्यापाशी बसल्या. पोरं एवढी म्हणतायत म्हणून आले, म्हणाल्या, पण बघणार नाही. त्याच्या नजरेला नजर द्यायची नसते. माझं भाषण अगदी ओठांवर आलं होतं. रोहिणीनं अंधारात माझा हात दाबला.

मग आत्याबाईंनीच विचारलं, तो तिकडं असताना तुम्ही भिंतीकडं तोंड करून काय बघताय? त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. या दुर्बिणीत डोळा नळीच्या बाजूला लावतात. मी सांगितलं, उजेड वरून आत शिरतो, तळाच्या आरशावर आपटून परत फिरतो, वर एक छोटा तिरपा आरसा आहे तो त्याला बाजूला काढतो, तिथे आपण.

"म्हंजी समोर कोनी न्हाईच," आत्याबाई म्हणाल्या. "आरशातला बघायचा. आडून."

"आडूनच," मी म्हटलं.

त्या जरा वळल्या. मग रोहिणी सांगायला लागली, अगदी आत्याच्याच बोलीत. आत्ता जो शनी दिसतोय तो आत्ताचा नाही. त्याच्याकडून निघालेला उजेड इथवर यायला तासाहून जास्त लागतो. तू दुकानात गिऱ्हाईक करत होतीस ना, तेव्हा निघालेला उजेड आता पोचतोय.

आत्याबाई विचारात पडल्या. म्हणाल्या, "मंग शिळा म्हनायचा."

मला हसू आलं आणि दुसऱ्या क्षणी गेलं. त्या शिळ्या भाकरीबद्दल बोलावं तशा बोलत होत्या, चेष्टा नव्हती. प्रकाशवर्ष शिकवताना मी फळाच फळा भरला असेल, पण शिळा उजेड हा शब्द मला कधी सुचला नव्हता.

"समदाच उजेड शिळा असतो, आत्या," रोहिणी म्हणाली. "ताऱ्यांचा तर लई शिळा. एखादा तारा विझूनबी गेला असंल, तरी आपल्याला तो दिसतच राहतो."

बोलून गेली आणि शेजारून कुसुमनं झटकन माझा दंड धरला. तेव्हा मला कारण ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनी गुडघ्यांभोवती हात आवळले.

"तुझ्या आतोबांचं तसंच झालं," त्या म्हणाल्या. "सुरतेला गेल्ते, साडेसातीत. तितंच संपले. निरोप आनला एका ट्रकवाल्यानं, लई दिसांनी. तवर मी हिकडं रोज कुंकू लावीत हुते. मैत्रिनीत बसून हसत हुते. ते न्हवते, आन मला आपले दिसत हुते."

कुसुम या घरात इतकी वर्षं आहे, तिनंही हे कधी ऐकलं नव्हतं, असं मला नंतर म्हणाली. आतोबा सुरतेला वारले आणि शनीनं नेले, एवढंच घरात माहीत होतं. माझं ते सुरेख भाषण मी तिथल्या तिथे टाकून दिलं. मला त्या बाईंच्या पायांवर हात ठेवावासा वाटला आणि लाज वाटून मी दुर्बिणीची डोळा लावायची काचच पुसत बसले.

मग आत्याबाईंनी विचारलं, तुला तिकडं जाऊन कोणता उजेड बघायचाय? रोहिणी त्यांच्यापाशी जाऊन बसली. सगळ्यात शिळा, म्हणाली. अगदी सुरुवातीला सगळं विश्व इतकं तापलेलं होतं की दाट धुकं पडावं तसं, उजेड आतल्या आत अडकलेला. पुढे ते निवलं, धुकं विरलं आणि पहिला उजेड मोकळा सुटला. तो अजून येतोय, चहूकडून, या गच्चीवरसुद्धा. इतका निवालाय की डोळ्यांना दिसत नाही, यंत्रांना कळतो. त्यात कुठे थोडा जास्त, कुठे थोडा कमी, असा किंचित फरक आहे. त्या फरकातूनच पुढे तारे झाले, माती झाली, आपण झालो. तो फरक मोजत बसायचं.

"आन त्याच्या आदी काय हुतं?"

"माहीत न्हाई, आत्या." रोहिणी जराही अडखळली नाही. "धुक्याच्या पलीकडचा उजेड येतच न्हाई. लोक दुसऱ्या वाटा शोधतायत. अजून कोनालाच नक्की माहीत न्हाई."

आत्याबाई हसल्या, पहिल्यांदाच. मग सांगू लागल्या की दुकानात बसून त्यांचं आयुष्य गेलं. येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, साडेसाती कशानं येते, कशानं जाते, कुणाला लागते. माहीत नाही असं कुणी तोंडावर म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. एवढं बोलून त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, दाखवा.

वाकून डोळा लावला. "हा व्हय? येवढुसा?" आणि मग, "हालतोय की." तो सरकत सरकत चित्राबाहेर निघाला होता. रोहिणी म्हणाली, तो नाही हलत, आपली पृथ्वी फिरतेय, आपणच त्याला मागे टाकतो. मी नळी सरकवून तो परत मध्ये आणून दिला. आत्याबाईंनी पुष्कळ वेळ पाहिलं, इतका की भाऊसाहेब चुळबुळ करायला लागला. सरळ झाल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "लई येकटा हाय." आणि मागे वळून न पाहता जिना उतरून गेल्या.

आम्ही तिथेच. बंगळूरचं नावही निघालं नव्हतं. रोहिणीनं डोळा लावला, पण ती शनी बघत होती असं मला वाटलं नाही.

घोडेगावकडे

सकाळी रोहिणी मला स्कूटीवरून हायवेला सोडणार होती. पाईप आडवा, मी तिरकी, असं ध्यान आत्याबाईंच्या दुकानापाशी निरोप घ्यायला थांबलं. दुकान नुकतंच उघडलं होतं आणि त्या रुईच्या माळांवर पाणी शिंपडत होत्या. त्यांनी एक काळं कापड फाडलं आणि दुर्बिणीच्या तोंडाला स्वतःच्या हातानं घट्ट बांधलं, धूळ जाऊ नये म्हणून. तो आरसा मी पिंपाभोवती फिरून केलाय हे कुसुमनं त्यांना सांगितलं असावं. किती प्रदक्षिणा झाल्या, विचारलं. मी म्हटलं, मोजल्या नाहीत. त्यांनी मान हलवली, म्हणजे पसंत पडलं.

मग गाठ आवळता आवळता, माझ्याकडे न बघता बोलल्या. त्याला तेल घालणं मी काही सोडायची नाही, म्हणाल्या. त्यानं नेलं की न्हाई नेलं, त्याचं त्याला ठाऊक. पण रात्रभर पडल्या पडल्या एक कळलं. मला धसका त्याच्या नजरेचा नव्हता. त्या निरोपाचा होता.

रोहिणीनं स्कूटी सुरू केली, आणि आपण रोज म्हणतो तसं, फक्त घोडेगावपर्यंत जायचं म्हणून, म्हणाली, "येते गं आत्या."

आत्याबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. रोहिणीकडे पाहिलं, आडून नाही, समोर.

"ये," त्या म्हणाल्या. "बंगळूरलाबी जाऊन ये."

रोहिणीच्या हातून स्कूटी बंद पडली. मी पाईप कवटाळून तशीच बसले, माझ्या चष्म्यावर धुकं आलं होतं. आत्याबाई मात्र पुन्हा माळांकडे वळल्या होत्या.

"पन रोज फोन करायचा, दुकान बंद करायच्या वक्ताला," त्या म्हणाल्या. "ताजा. मला शिळी खुशाली नको."